समेच्या आधी

“गाणं तू घेऊन गेलास.”

आई एवढंच म्हणाली. संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते, बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती आणि हॉलमधला दिवा कुणी लावलेला नव्हता. मी दारात ओली छत्री झटकत होतो. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज कामवाल्या बाई आल्या नाहीत, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. सकाळी मी निघालो तेव्हा अहीर भैरव चालू होता. विलंबित संपून द्रुत सुरू झाली होती, गवई एका लांब तानेत शिरला होता आणि आई खुर्चीत डोळे मिटून, उजव्या हाताच्या बोटांनी मांडीवर मात्रा मोजत बसली होती. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो. फोन खिशात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुठेतरी खिशातल्या फोनचा आणि वर कपाटावर ठेवलेल्या त्या डबीचा ब्लूटूथचा संबंध तुटला असणार. मला कळलंही नाही. मी स्कूटर काढली, ऑफिसला गेलो, दिवसभर काम केलं, दुपारी डबा खाल्ला. इकडे घरात ती तान तिथेच लटकत राहिली. “समेच्या आधीच तुटलं रे,” चहा पिताना ती म्हणाली. “मोजत होते मी. सोळातली चौदावी मात्रा झाली आणि पुढे काहीच नाही.”

“मला फोन करायचास ना.”

“गाणं ऐकायला फोन कशाला करायचा?”

ती डबी मी आदल्या रविवारीच जोडली होती. पंजात मावेल एवढी, काळ्या ॲल्युमिनियमची. क्लास डी ॲम्प्लिफायर. यातला ‘डी’ डिजिटलचा, असं पुष्कळजण सांगतात, तसं नाही. ए, बी आणि सी ही अक्षरं आधीच्या पद्धतींना देऊन झाली होती, म्हणून हिला पुढचं अक्षर मिळालं. एरवी ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर पाण्याच्या नळासारखा कमी-जास्त उघडत राहतो आणि त्या अर्धवट उघडण्यात तापतो. क्लास डीमध्ये तो एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते, कुठल्या वेळी किती लांब उघडा राहिला यात गाणं साठवलेलं असतं आणि शेवटी एक कॉइल आणि कंडेन्सर ती उघडझाप गाळून सूर तेवढा स्पीकरकडे सोडतात. घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते, म्हणून डबी एवढीशी आणि जवळजवळ गार. कल्पना जुनीच. १९६४ मध्ये इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एक्स-१० नावाचा असा ॲम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात विकायला काढला होता, पण तेव्हाच्या ट्रान्झिस्टरांना तो वेग झेपत नव्हता. आता झेपतो. आणि आवाज खरोखर स्वच्छ होता. रविवारी दुपारी पहिल्यांदा लावली तेव्हा तंबोऱ्याच्या चारही तारा मला सुट्या ऐकू आल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. तीस वर्षं ऐकलेल्या एका मैफलीत तबलजी डग्ग्यावर मनगट घासतो तो आवाज पहिल्यांदा कानावर आला. मला इतका आनंद झाला होता की आई शेजारी येऊन डबी न्याहाळत “हे सुरू कुठून करायचं?” म्हणाली, तेव्हा मी मान वर न करता उत्तर दिलं होतं.

“मी देतो ना लावून.”

बुधवारच्या त्या संध्याकाळी आईचं वाक्य ऐकलं आणि मला हे माझं वाक्य आठवलं.

त्या डबीआधी आमच्या घरात जो ॲम्प्लिफायर होता, तो माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९८४ साली सांगलीच्या घरी बनवला होता. ते वीज मंडळात होते. वीज हा त्यांचा पोटापाण्याचा विषय, आणि तिच्यातून सूर काढणं हा जिवाचा. कामानिमित्त मुंबईला गेले की येताना लॅमिंग्टन रोडवरून कागदाच्या पुडीत ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. टू-एन-३०५५, सगळे धातूचे, तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखे दिसणारे. दोन्ही चॅनेलला मिळून चार लागले होते. एकाला एन-पी-एन आणि जोडीला तितक्याच ताकदीचा, पण उलट्या दिशेनं चालणारा पी-एन-पी, अशी खरी जोडी तेव्हा महाग पडे, म्हणून दोन्हीकडे तोच ट्रान्झिस्टर वापरून मधल्या जोडणीत कसरत करायची, अशी त्या काळची रीत होती. ट्रान्सफॉर्मर त्यांनी शेतीपंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्याकडून गुंडाळून घेतला. तो माणूस ऊसवाल्यांच्या जळालेल्या मोटारींमधून मान वर काढायला तयार नव्हता. अण्णा तीन रविवार त्याच्या दुकानात जाऊन बसले. खोकं सागवानी फळ्यांचं, पुढे ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर खिळ्यानं कोरलेली अक्षरं. आणि व्हॉल्यूमची बटण म्हणावी तर मोठ्या पेढ्याएवढी, कडेला खाचा असलेली, हाताला थंड लागणारी. सुरू करताना खटका खाली केला की स्पीकरमधून एकदा ‘धप्प’ व्हायचं, त्यामागोमाग सागवान किंचित तापल्याचा वास. पावसाळ्यात आई काडेपेटी त्या खोक्याच्या डोक्यावर ठेवायची, म्हणजे काड्या सर्दावत नसत. सांगलीतल्या आमच्या घरी जुलै महिन्यात कोरडी काडी हवी असेल तर आधी रेडिओ लावावा लागे, ही गोष्ट मला फार मोठा होईपर्यंत सगळ्याच घरांत तशी असते असं वाटत होतं.

त्या ॲम्प्लिफायरमध्ये हम होता. गाणं थांबलं की मागे एक बारीक ‘ऊँ’ ऐकू यायचा. आपली वीज सेकंदाला ५० हेलकाव्यांची, म्हणजे ५० हर्ट्‌झची. ती डायोडमधून गेली की लाट दुमडते आणि १०० हर्ट्‌झची घुर्र शिल्लक राहते. पुढचे मोठे कंडेन्सर ती घुर्र पिऊन टाकतात, पण वय झालं की तेही सुकतात. आता गंमत म्हणजे काळी चारच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार १०४ हर्ट्‌झच्या जवळपास वाजते. कितीतरी गायिका काळी चारमध्ये गातात. म्हणजे अण्णांच्या खोक्यातला हम हा त्यांच्या खर्जाच्या अगदी शेजारी, किंचित खाली, सतत वाजत असे. हे गणित मी फार पुढे मांडलं. आईनं ते कानानं कधीच ओळखलं होतं. गाणं लावलं की ती हमखास म्हणायची, “अहो, तुमचा तंबोरा उतरलाय.” अण्णा हसायचे. कंडेन्सर बदलायचं ठरायचं आणि राहून जायचं. ते गेल्यावर खोकं सांगलीहून पुण्याला आमच्या घरी आलं, आणि हमाचं नाव तेच राहिलं. अण्णांचा तंबोरा.

आईला तंबोरा असा ऐकता येतो, कारण तिचं माहेर मिरजेचं. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेत जायचा तिचा रस्ता. कारागीर तारांखालची घोडी कानशीनं जरा घासायचा, तार छेडायचा, मान तिरकी करून ऐकायचा, पुन्हा घासायचा. तार घोडीवरून नुसती उठून जाता कामा नये, ती घोडीच्या सपाटीला निसटता स्पर्श करत थरथरली पाहिजे. मग एका सुरातून वरचे कितीतरी सूर फुलतात. हीच जवारी. “उघडली” असं म्हणतात जवारीला, फुलासारखं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईनं वर्तमानपत्रातली बातमी कापून पोथीत ठेवली. पुढे अण्णांबरोबर ती सांगलीहून रात्रीच्या एसटीनं सवाई गंधर्वला यायची, रमणबागेच्या मैदानावर, शाल आणि थर्मास घेऊन. गवयांबद्दलची तिची मतं नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. माझ्यापुरतं तिचं एक वाक्य टिकलं: “मागच्या रांगेत बसलं तरी तंबोरा जवळ वाटायचा.”

ॲम्प्लिफायरचा शोध मी सुरू केला तो याच्याशी काही संबंध न ठेवता. ज्येष्ठात अण्णांच्या खोक्याचा उजवा चॅनेल खरखरायला लागला. तपकीर गल्लीतल्या एका मेकॅनिककडे ते टाकलं आणि मी रात्री-रात्री आकडे वाचत बसलो. वॉटची भूल फार जुनी आहे. लहानपणी टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ अशा चिकट्या असत. तो आकडा कुठून येतो हे कुणी विचारत नसे, सगळे नुसते वाचून दबून जात. खरं गणित साधं आहे. आमचे स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतात. आमची खोली दहा बाय चौदाची. रोजच्या ऐकण्यात त्यांना एक वॉटसुद्धा पुरा लागत नाही. ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर आणला तर फरक पडतो जेमतेम ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला ताकद दहापट लागते. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी साठ की ऐंशी, ऐंशी की शंभर, यात आठवडा घालवला. हातात आकडा असला की निर्णय घेतल्यासारखं वाटतं.

डिजिटल जमान्याची खरी अडचण वॉटमध्ये नव्हतीच. ती अण्णांच्या बटणीत होती. त्यांनी खोकं बनवलं तेव्हा गाणं यायचं ते कॅसेट डेकमधून नाहीतर रेडिओ ट्यूनरमधून, काही शे मिलिव्होल्टच्या क्षीण ताकदीनं. १९८२ मध्ये सीडी आली आणि तिच्या प्लेअरांनी दोन व्होल्टचा शिरस्ता पाडला. आजची डिजिटल यंत्रं तोच चालवतात. म्हणजे जुन्या दारावर आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा लोंढा धडकतो. बटण जरा हलवली की खोली भरून जाते. पूर्वी अर्ध्यापर्यंत फिरवायची ती आता पाव इंचातच संपते. आणि कुठलाही साधा कंट्रोल आपल्या सुरुवातीच्या त्या पाव इंचातच सगळ्यात कच्चा असतो. डावा-उजवा सारखा उघडत नाही. पहाटे हळू आवाजात लावलं की गवई डावीकडे सरकून बसलेला. मेकॅनिकनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आत दोन-दोन रेझिस्टर टाकून सिग्नल पाडून देतो. कंडेन्सर तर सगळे गेलेत, सत्तेचाळीसशे एमएफडीचे चारही नवे घालतो. पण साहेब, ट्रान्सफॉर्मर गरम होतोय. आतला कागद करपलाय. घरात कुणी असतं का दिवसा?”

आई असते. एकटी.

खोकं दुरुस्त होऊन आलं ते त्या बुधवारनंतरच्या शनिवारी. मी जोडलं, खटका खाली केला. धप्प झालं. आणि मग शांतता. नवे कंडेन्सर सगळी घुर्र पिऊन बसले होते. मी स्पीकरच्या जाळीला कान लावला; काही नाही. दुरुस्ती उत्तम झाली होती. आई आतून आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, “अण्णांचा तंबोरा बंद केलास?” चाळीस वर्षं जो बंद व्हावा म्हणून ती बोलत होती, तो आज बंद झाला होता. मला ‘हो’ म्हणायला जड गेलं. ती खुर्चीत बसली, मी यमन लावला, तिनं ऐकला. उठताना म्हणाली, “बरं झालं. सुरात नव्हताच तो.” आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत आत गेली. त्या संध्याकाळी मी ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बघितला. अर्ध्या तासात हात ठेवता येईना. अण्णा असते तर त्यांनीच त्याची वायर काढून ठेवली असती. या बाबतीत ते फार कडक होते. विजेशी नातं ठेवावं, सलगी करू नये, असं म्हणायचे.

त्यांच्याकडून ऐकलेली एक हकिकत या दिवसांत परत परत आठवत होती. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेतले हॅरॉल्ड ब्लॅक रोज फेरीबोटीनं हडसन नदी ओलांडून कामाला जात. लांब अंतरावरचे टेलिफोन ॲम्प्लिफायरमधून जाता जाता विद्रूप होत, त्यावर ते कित्येक वर्षं झगडत होते. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, बोटीवर, त्यांना सुचलं आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेवर त्यांनी ते लिहून काढलं: बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा भाग उलटा करून परत आत आणायचा, म्हणजे आत दिलेलं आणि बाहेर गेलेलं यातला फरक ॲम्प्लिफायर आपला आपण दुरुस्त करतो. निगेटिव्ह फीडबॅक. आज जगातला बहुतेक प्रत्येक ॲम्प्लिफायर याच युक्तीवर उभा आहे, अण्णांचा होता आणि ती डबीही आहे. सोल्डरिंग करताना अण्णा ती एक वायर दाखवून मला सांगायचे, “ही बघ, ही परत येणारी. बाहेर काय पोचलं ते ही विचारून येते.” मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला वाटायचं ती वायर खरंच कुणाला तरी जाऊन विचारते.

मी आईला विचारलं. खरं म्हणजे विचारायला दोन वर्षं उशीर झाला होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या कानांची तपासणी झाली तेव्हा त्या आलेखाचा कागद मीच फाइलला लावला होता. २००० हर्ट्‌झपर्यंत रेष बरी चालते आणि मग डोंगरकड्यावरून उतरावी तशी खाली येते. ऐंशीच्या घरात हे होणारच. स, श, फ, त ही अक्षरं तिला अंदाजानं ओळखावी लागतात. माणसांत बसायचं असलं की ती कानातलं यंत्र घालते. गाण्याच्या वेळी काढून वाटीत ठेवते, कारण बोलणं उचलून धरण्यासाठी बनवलेलं ते यंत्र तंबोऱ्याचं पार “पत्र्यावरचा पाऊस” करून टाकतं. हे सगळं मला माहीत होतं. पण जवारी म्हणजे वरचे सूर, आणि वरचे सूर आईपर्यंत पोचतच नाहीत, हे दोन मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. रविवारी डबीवर मला ज्या चार तारा सुट्या ऐकू आल्या, त्या तिला आल्याच नसणार. “तुला तंबोरा कसा येतो गं?” मी विचारलं. ती म्हणाली, “येतो की. लांब बसलाय हल्ली. दुसऱ्या खोलीत बसल्यासारखा.” किती दिवस? “झाली असतील चार-पाच वर्षं. मला वाटलं नवीन रेकॉर्डिंगं तशीच करतात.”

पीटर बॅक्सँडल नावाच्या इंग्लिश माणसानं १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात एक छोटं सर्किट छापलं. बास आणि ट्रेबल, दोन बटणी. जगभरच्या ॲम्प्लिफायरांनी ते उचललं; अण्णांच्या वहीतही ते निळ्या शाईनं काढलेलं आहे. नंतर शौकिनांमध्ये असं मत बळावलं की ध्वनिमुद्रणात जे आहे ते जसंच्या तसं ऐकावं, मध्ये असल्या बटणी नकोतच. महागडे ॲम्प्लिफायर त्यांच्याशिवाय निघू लागले. ज्यांत आहेत त्यांतही त्यांना ओलांडून जाणारी ‘डायरेक्ट’ नावाची कळ असते. मीही इतकी वर्षं ती कळ दाबूनच ऐकत आलो. मला ते खरेपणाचं लक्षण वाटे. पण सरळ म्हणजे कुणाच्या कानाला सरळ? माझे स्वतःचे कान त्रेपन्नाव्या वर्षी १३ हजार हर्ट्‌झच्या पुढे काही सांगत नाहीत. आईचे त्याच्या कितीतरी आधी थांबतात. आणि ती ऐकते पहाटे साडेपाचला, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू आवाजात. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर आधी सोडून जातात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. लाउडनेसची कळ त्यासाठीच असते. म्हणजे पहाटे पाच-तीसला माझ्या आईला वयामुळे जवारी मिळत नव्हती, आणि शेजारधर्मामुळे खर्ज. उरलेल्या मधल्या पट्टीत ती गाणं ऐकत होती आणि बोलत नव्हती.

पुढच्या रविवारी मी तिला दुकानात घेऊन गेलो. वातानुकूलित खोली, जाड गालिचा, मऊ सोफा. आई शाल पांघरून बसली. तिथला मुलगा फार चांगला होता. तिला आजी म्हणत होता, पाणी आणून देत होता. त्यानं आधी सगळ्यात नवा ॲम्प्लिफायर दाखवला. काचेचा, एकही बटण नाही, सगळं फोनमधल्या ॲपवरून. आईनं त्याच्याभोवती नजर फिरवली आणि विचारलं, “ह्याला हात कुठे लावायचा?” मुलगा दुसऱ्याकडे वळला. त्याला पुढे छान गोल बटण होती. आईनं ती फिरवली. फिरवत राहिली. “ही फिरतच राहते रे. हिला थांबा नाही?” नव्हता. आतमध्ये नुसती मोजणी करणारं चाक. कितीही फिरवा, आकडा पडद्यावर बदलतो. आईला पडदा दिसत नाही. तिसरा ॲम्प्लिफायर रुंद, काळा, मागच्या पिढीच्या घडणीचा होता. क्लास एबी, म्हणजे नळासारख्या उघडण्याच्या जुन्या पद्धतीचा, चॅनेलला ६० वॉट, ट्रेबल-बास आणि फिरवता येणारा लाउडनेस. आईनं बटण पकडली, अगदी डावीकडे नेली, तिथं ती थांबली. परत हळूहळू वर आणली. “जड आहे,” ती म्हणाली. “बरं आहे. अंदाज येतो.” मग तिनं असा प्रश्न विचारला जो माझ्या तीन आठवड्यांच्या वाचनात एकदाही आला नव्हता: “रात्री बंद केला, की सकाळी इथूनच सुरू होईल ना? का परत शोधायचं?” मुलानं बंद करून दाखवलं, सुरू करून दाखवलं. बटण जिथल्या तिथे, आवाज तेवढाच.

तोच घेतला.

गाणं आणायला शेजारी एक छोटा स्ट्रीमर ठेवला. तो ब्लूटूथवर चालत नाही, घरातल्या वायफायवरून स्वतःच गाणं ओढून घेतो. फोन घरात असो नसो. त्याच्या रिमोटवर आकड्यांची बटणं आहेत. एकवर सकाळचे राग, दोनवर संध्याकाळचे, तीनवर आकाशवाणी पुणे, चारवर विविध भारती. टीव्हीसुद्धा ऑप्टिकल वायरीनं त्यालाच जोडला, बायकोची फार दिवसांची मागणी होती. डबीपेक्षा याचा आवाज अधिक चांगला आहे का? मोजमापं काढली तर कदाचित डबीच पुढे असेल. ती मी ऑफिसातल्या टेबलावर ठेवली आहे आणि तिथं ती सुरेख वाजते. बायकोनं आपल्या पाकिटातल्या दोन टिकल्या काढल्या. एक रिमोटवरच्या एकच्या बटणाला, एक व्हॉल्यूमच्या बटणीवर, पहाटेच्या आवाजाच्या जागी. लाल, फुगीर, अंधारातही बोटाला लागते. अण्णांचं खोकं माझ्या खोलीत खिडकीखाली आहे. ट्रान्सफॉर्मरची वायर काढून ठेवली आहे. पावसाळा संपेपर्यंत काडेपेटी मात्र त्याच्यावरच असायची. ती तिथे कोण ठेवतं हे मी विचारलं नाही.

परवा कार्तिकातली संध्याकाळ होती. जिन्याच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला पूरिया धनाश्री ऐकू आला. खिशातल्या फोनला हात लावून पाहिला, तो गप्प होता. दार उघडून आत आलो, चपला काढल्या. तंबोरा इतका तीक्ष्ण लागला होता की माझ्या कानाला टोचत होता, प्रत्येक तार काचेवर ओरखडा काढल्यासारखी. ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. ट्रेबल पार शेवटाजवळ नेलेला होता. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“आलास?” आई डोळे न उघडता म्हणाली. “आज तंबोरा जवळ येऊन बसलाय.”

मी कपाटापर्यंत गेलो होतो, तिथून परत फिरलो आणि तिच्या शेजारी खाली सतरंजीवर बसलो. तान वरच्या षड्जाला शिवून खाली यायला लागली होती. तिची बोटं मांडीवर चालत होती. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, आणि तिनं हलकेच मान हलवली.